फेशियलला नकार देणारे पार्लर

विलेपार्ले पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, हनुमान रोडला लागून असलेल्या एका गल्लीत जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर हे पार्लर आहे. दोन खुर्च्या, पडद्याआड एक पलंग, भिंतीला टेकलेले काचेचे कपाट आणि दारावर ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी, एवढाच त्याचा पसारा. आहेत त्याच गिऱ्हाइकांना वेळ देताना आपली ओढाताण होते, म्हणून नाव छापू नये, अशी चालक बाईंची विनंती आहे. ती विनंती रास्त वाटते, शिवाय पुढे काही उणीदुणीही काढायची आहेत, म्हणून मी नाव देत नाही. पार्ल्यातल्या जाणकार बायका वर्णनावरून ओळखतीलच. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. डबीच्या मागचा बारीक अक्षरांतला मजकूर वाचल्याशिवाय चेहऱ्याला काही लावायचे नाही, ही माझी जुनी खोड आहे आणि या परीक्षणात ती ठिकठिकाणी दिसेल.

मुंबईत पार्लरांना तोटा नाही. बहुतेक ठिकाणी भुवया कोरून घ्यायला खुर्चीत बसावे, तोच ‘मॅडम, टॅन खूप झालाय, डी-टॅन करून टाकू या का?’ असा प्रश्न येतो आणि आरशात पाहून आपल्यालाही आपला चेहरा एकाएकी रापलेला दिसू लागतो. येथे पहिला प्रश्न निराळा असतो: ‘सध्या चेहऱ्याला काय काय लावता?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय ताई (सगळ्याजणी त्यांना ताईच म्हणतात) मसाजच काय, थ्रेडिंगचा दोराही हातात घेत नाहीत. रात्री एखादे सोलणारे मलम, म्हणजे ट्रेटिनॉइन किंवा अडॅपलीन, लावता का. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का किंवा अलीकडेच बंद झाल्या आहेत का. दिवस गेलेले आहेत का, हे त्या विचारतात. याला कारण आहे. अशा औषधांनी त्वचेचा वरचा थर नाजूक झालेला असतो आणि व्हॅक्सच्या पट्टीबरोबर तो सोलला जाऊ शकतो. आयसोट्रेटिनॉइन घेताना आणि ते थांबवल्यावरही काही महिने डॉक्टर व्हॅक्सिंग टाळायला सांगतात. गर्भारपणात तर ही औषधे वर्ज्यच. अन्य कुठल्याही पार्लरमध्ये हा प्रश्न मला विचारला गेल्याचे स्मरत नाही.

या पार्लरची खरी ओळख मला पटली ती लग्नसराईच्या दिवसांत. माझ्या आधीचा नंबर एका कॉलेजातल्या मुलीचा होता. भावाचे लग्न आठवड्यावर आले होते आणि सोबत आलेल्या आईला दरपत्रकावरचे सर्वांत महागडे फेशियल हवे होते. मुलीचे गाल लालसर, त्यावर बारीक पुटकुळ्या, जवळून पाहिल्यास कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा आणि गालफडांवर नेहमीपेक्षा दाट लव. ताईंनी दिवा ओढून तिचा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, ‘अगं, पर्समध्ये ट्यूब असेल बघ, ती दाखव जरा.’ मुलीने आईकडे पाहिले, मग शेपटीकडून गुंडाळत आणलेली, पिळून चपटी झालेली एक ट्यूब काढली. ताईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि एकेक नाव बोट ठेवून वाचले: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन.

‘ही कोणी दिली?’

‘केमिस्टने. मैत्रीण पण हीच लावते.’

‘कधीपासून?’

‘दिवाळीपासून.’

ताईंनी ट्यूब आईच्या हातात ठेवली. ‘वहिनी, मी आज हिच्या चेहऱ्याला हात लावणार नाही. आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. आणि आपल्या मनाने एका दिवसात बंदही करू नका, कसं थांबवायचं ते डॉक्टर सांगतील.’ समोरून चालत आलेले दीड हजार रुपये त्यांनी असे परत पाठवले. आईला राग आलेला स्पष्ट दिसत होता.

या ट्यूबविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत चेहऱ्याचे जेवढे नुकसान पार्लरने झाले असेल, त्याहून अधिक या मिश्रणाने झाले असावे असे माझे मत आहे. तीन औषधांचे असे मिश्रण वांगावर, म्हणजे गालांवर व कपाळावर येणाऱ्या तपकिरी चट्ट्यांवर, त्वचारोगतज्ज्ञ काही आठवड्यांपुरते देतात आणि मग थांबवतात. त्यातले मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. ते लावल्यावर सूज व लाली बसते, रंगही काहीसा उतरतो आणि पहिले काही दिवस चेहरा विलक्षण तुकतुकीत दिसतो. गोरेपणाची हाव असलेल्या घरात एवढे पुरे होते. मात्र महिनोन् महिने वापरल्यास त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरुमांसारखे पुरळ येते, लव वाढते आणि मलम सोडले की चेहरा भाजल्यासारखा लाल होऊन आग होऊ लागते. आग शमवण्यासाठी बाई पुन्हा तेच मलम लावते आणि चक्र सुरू राहते. आपल्याकडे हे इतके सर्रास दिसते की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनीच त्याला ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचे स्वतंत्र वैद्यकीय नाव दिले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री करण्याची मुभा काढून घेतली. कागदावर नियम चोख आहे, पण दुकानात ‘ती नेहमीची ट्यूब द्या’ म्हटल्यावर काय होते, हे ज्याने त्याने आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात पाहावे. गजकर्णावर म्हणून घरात आणलेली मिश्र मलमेही याच कुळातली असतात आणि एकदा घरात आली की ती मांडीवरून चेहऱ्यावर जायला वेळ लागत नाही.

याहून घातक प्रकार बिननावाच्या किंवा परदेशी नाव छापलेल्या, पण उत्पादकाचा पत्ता व परवाना क्रमांक नसलेल्या, गोरे करणाऱ्या क्रीमचा. त्यात पारा असू शकतो. पारा त्वचेतले रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रिया रोखतो, म्हणून त्याचा परिणाम लवकर दिसतो. तोच पारा त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडाला इजा करतो. अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींना असा मूत्रपिंडाचा विकार झाला आणि त्याचे मूळ चेहऱ्याच्या क्रीममध्ये असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासातून पुढे आले, ही बातमी २०२३ च्या आरंभी वर्तमानपत्रांत आली होती. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार पारा घातलेली प्रसाधने बनवण्यावर आणि त्यांच्या आयात-निर्यातीवर बंदी आहे. ताई अशी डबी दिसली की सरळ कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवतात.

आता सेवेकडे वळू. येथे मी बहुधा ५०० रुपयांचे साधे क्लीनअप करून घेते आणि माझ्या मते सर्वसाधारण त्वचेला त्याहून जास्तीची गरज नसते. चेहरा धुण्यासाठी ताई फेस न करणारे सौम्य क्लीन्झर वापरतात. ‘साबण कुठला लावता?’ हा त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न, आणि त्यामागचे रसायनशास्त्र मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात सांगते. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा; तो ७ च्या जितका खाली तितके आम्ल अधिक) ५ च्या आसपास. नेहमीच्या अंघोळीच्या वडीचा सामू ९ ते १० असतो. चेहरा धुतल्यावर जो ताणल्यासारखा वाटतो आणि आपण ज्याला स्वच्छतेची खूण समजतो, तो ताण म्हणजे वरच्या थरातला स्निग्धांश निघून गेल्याची तक्रार असते. मुरुमे असलेल्या मुली दिवसातून पाच-सहा वेळा चेहरा घासतात, त्यांच्या बाबतीत तर हे हात दाखवून अवलक्षण ठरते. मुरुमे घाणीमुळे येत नाहीत. तैलग्रंथींचे जास्तीचे तेल, रंध्राच्या तोंडाशी साचलेल्या मृत पेशी, तेथे वाढणारे जंतू आणि त्यातून होणारा दाह असा तो एकंदर मामला आहे. संप्रेरकांचा आणि आनुवंशिकतेचा त्यात मोठा हात असतो. दिवसातून दोनदा आणि खूप घाम आल्यावर एकदा चेहरा धुतला की काम भागते.

तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर नको, हा समज मुंबईत फार घट्ट आहे आणि हवा पाहता तो का रुजला असावा हेही समजते. जुलैच्या दमट हवेत लोकलमधून उतरल्यावर चेहऱ्याला आणखी काही चोपडायची कल्पनाच नकोशी होते. परंतु आपल्यापैकी अनेकींचे आठ-नऊ तास वातानुकूलित कचेरीत जातात आणि तेथली कोरडी हवा त्वचेतले पाणी शोषून घेते. वर तेल आणि आत पाण्याचा दुष्काळ, अशी स्थिती एकाच गालावर असू शकते. अशा त्वचेला ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक आम्ल असलेले पातळ जेल पुरते, जाड क्रीमची गरज नसते. ताई येथपर्यंत बरोबर सांगतात. मात्र त्याच्याच जोडीला ‘दिवसाला चार लिटर पाणी प्या, चेहरा आपोआप खुलेल’ असेही सांगतात, ते मला पटत नाही. तहानेइतके पाणी पिणाऱ्या निरोगी माणसाने त्यावर आणखी पाणी प्यायले, तर ते चेहऱ्याकडे न जाता मूत्रपिंडाकडे जाते.

वाफेच्या बाबतीतही माझा त्यांच्याशी मतभेद आहे. वाफेने रंध्रे उघडतात आणि नंतर बर्फ फिरवला की मिटतात, असे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. रंध्रांना उघडझाप करणारे स्नायू नसतात. वाफेने आतला तैलांश मऊ होतो आणि काढायला सोपा जातो, इतकेच. नाकावरचे जे काळे ठिपके आपण ‘ब्लॅकहेड्स’ म्हणून काढून घेतो, त्यांचा काळेपणा मळाचा नसून हवेच्या संपर्काने रंगद्रव्य व तैलांश यांत झालेल्या बदलाचा असतो, त्यामुळे ते कितीही घासून निघत नाहीत. शिवाय नाकावरचे बरेचसे करडे ठिपके ब्लॅकहेड्सही नसतात. रंध्रातले ते नैसर्गिक तेल असते, पिळून काढले तरी महिन्याभरात पुन्हा भरते. ज्या मैत्रिणी दर पंधरवड्याला नाक पिळून घेतात, त्यांनी निदान एवढे लक्षात घ्यावे की सावळ्या व गव्हाळ त्वचेवर जोरात पिळल्याचा डाग मूळ ठिपक्यापेक्षा जास्त काळ टिकतो. ज्यांना वांग आहे त्यांना वाफ देऊच नये, कारण उष्णतेने तो गडद होऊ शकतो. हे मी ताईंना सांगितले तेव्हा त्यांनी ते लगेच वहीत लिहून घेतले.

ब्लीच दरपत्रकावर आहे, पण ते मागितल्यावर ताई आधी पाच मिनिटे बोलतात, त्यामुळे निम्म्या बायका विचार बदलतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया यांच्या मिश्रणाने चेहऱ्यावरची लव सोनेरी होते आणि म्हणून चेहरा उजळ भासतो. त्वचेचा मूळ रंग ठरवणाऱ्या पेशी खालच्या थरात आपले काम करीतच राहतात. चुरचुर वाटली तर ‘ब्लीच लागतंय’ असे म्हणून सहन करत बसायचे नाही, लगेच धुवायचे, असा त्यांचा दंडक आहे. ‘गोल्ड फेशियल’चे मी एकदा विचारले, तर हसून म्हणाल्या, ‘लोक मागतात, मॅडम, म्हणून ठेवलंय. पण सोन्याने रंग गोरा होतो असं मी कोणाला सांगत नाही.’ फेशियलमध्ये मसाजाचे सुख आहे, रक्त खेळल्यामुळे दिवसभर टिकणारी टवटवी आहे, आणि त्यासाठी ९०० रुपये मोजायला माझी हरकत नाही. मात्र पिकलेली मुरुमे असताना मसाज करणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे, म्हणून अशा चेहऱ्याला येथे फेशियल मिळत नाही.

घरगुती उपायांच्या बाबतीत ताईंचे बोलणे मला विशेष आवडले, कारण त्या ते सरसकट धुडकावत नाहीत आणि डोक्यावरही घेत नाहीत. डाळीचे पीठ आणि साय हे कोरड्या त्वचेला चालण्याजोगे उटणे आहे, हलक्या हाताने लावले तर. मुलतानी माती तेल शोषते, म्हणून तेलकट चेहऱ्याला आठवड्यातून एखादे वेळी ठीक, पण ती पार वाळून तडकेपर्यंत ठेवायची नाही. हळदीने दोन दिवस पिवळेपणा येतो. लिंबाच्या मात्र त्या कट्टर विरोधात आहेत आणि येथे मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या जवळपास असतो. त्यातली आणि विशेषतः सालीतली काही द्रव्ये उन्हाशी संयोग झाल्यावर त्वचा भाजल्यासारखी करतात आणि मागे महिनोन् महिने न जाणारे काळे ओघळ राहतात. काळपटपणा घालवायला म्हणून लिंबू चोळून भर उन्हात भाजी आणायला जाणे, याहून उलटा उपाय सापडणे कठीण. खाण्याचा सोडा आणि मुरुमावर टूथपेस्ट, हे दोन्हीही त्यांच्या ‘नको’च्या यादीत आहेत. केसांना चपचपीत खोबरेल लावून झोपणाऱ्या मुलींच्या कपाळावर केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्या येतात, तेव्हा त्या क्रीम सुचवण्याआधी तेल कमी करायला सांगतात.

एकदा शेजारच्या खुर्चीतल्या काकूंनी कपाळावरची टिकली काढली, तर खाली अगदी तिच्याच आकाराचा पांढरा डाग होता. काकू कोडाच्या शंकेने हवालदिल झालेल्या. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने, पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉलने, रंगद्रव्याच्या पेशी मरतात आणि असा डाग पडतो, हे त्वचारोगाच्या पुस्तकांत नोंदलेले आहे. ताईंना रसायनाचे नाव ठाऊक नव्हते, पण ‘टिकली आजपासून बंद, आणि डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या’ हे त्यांनी तत्क्षणी सांगितले. मानेवरचा मखमलीसारखा जाड काळेपणा घासून काढायला आलेल्या बाईंनाही त्यांनी ‘साखर तपासून घ्या’ म्हणून परत पाठवलेले मी पाहिले आहे. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते, आणि स्क्रबने ती जात नाही.

सनस्क्रीनच्या विषयात मात्र हे पार्लर खरोखर उजवे ठरते. ‘मी लावते की’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकीला ताई तिची स्वतःची ट्यूब काढायला लावतात आणि किती लावतेस ते दाखव म्हणतात. बहुतेकजणी वाटाण्याएवढा थेंब काढतात. मग ताई तर्जनी आणि मधले बोट पुढे करायला सांगतात आणि दोन्ही बोटांवर मुळापासून टोकापर्यंत रेघ काढतात: चेहरा आणि मान यांना इतके हवे. यामागचा हिशोब असा. वेष्टनावर छापलेला एसपीएफ, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून किती संरक्षण मिळते ते सांगणारा आकडा, प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन मोजतात. चेहरा व गळा मिळून ६०० चौरस सेंटिमीटर धरले तर एका वेळी सुमारे सव्वा ग्रॅम लागते. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा लावली तर तीन आठवड्यांत संपली पाहिजे. ज्यांची ट्यूब गेल्या गणपतीपासून चालू आहे, त्यांना वेष्टनावरचा एसपीएफ कधीच मिळालेला नाही. हा खर्च खिशाला चाट लावणारा आहे यात वाद नाही. म्हणूनच महागडी लहान ट्यूब जपून वापरण्यापेक्षा परवडणारी मोठी ट्यूब सढळ हाताने वापरावी, हा ताईंचा सल्ला मला शहाणपणाचा वाटतो.

आकड्यांच्या मागे धावण्यातही अर्थ नाही. एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन पुरेशा थरात यूव्हीबी या प्रकारच्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, ५० असलेले सुमारे ९८ टक्के. वांग आणि डाग यांच्या दृष्टीने यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांपासूनचे संरक्षणही तितकेच महत्त्वाचे, आणि ते ‘पीए’ या अक्षरांपुढच्या अधिक चिन्हांवरून कळते. काचेतून यूव्हीबी बहुतांशी अडते, यूव्हीए बरेच आत येते, त्यामुळे खिडकीजवळच्या टेबलावर बसणाऱ्यांनी आणि रोज टॅक्सीने जाणाऱ्यांनी ‘आम्ही उन्हात कुठे जातो’ असे म्हणू नये. गव्हाळ व सावळ्या त्वचेत दृश्य प्रकाशानेही डाग गडद होऊ शकतात. आयर्न ऑक्साइड असलेली रंगीत सनस्क्रीन त्यासाठी उपयोगी पडते. सावळ्या माणसाला सनस्क्रीन लागत नाही, पावसाळ्यात लागत नाही, पावडरीत एसपीएफ असला की पुरतो, हे तीनही समज ताई एका दमात खोडून काढतात. चर्चगेटपर्यंतच्या प्रवासात घाम पुसताना निम्मे निघून जाते, म्हणून कचेरीत पोचल्यावर आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडण्याआधी पुन्हा लावावे लागते. उन्हात सतत असल्यास दर दोन तासांनी.

एवढे सगळे बरोबर असताना काचेचे कपाट मात्र माझ्या मनात भरले नाही. त्यात व्हिटॅमिन सीच्या सीरमच्या बाटल्या थेट ट्यूबलाइटखाली मांडलेल्या होत्या आणि त्यातल्या दोनांचा द्राव चहासारखा तपकिरी झालेला होता. हे जीवनसत्त्व हवा व प्रकाश यांनी लवकर बिघडते आणि रंग गडद होणे ही त्याचीच खूण असते. अशी बाटली पूर्ण किमतीला विकणे योग्य नाही. त्याहून आक्षेपार्ह म्हणजे मोठ्या डब्यातून काढून लहान प्लॅस्टिकच्या डब्यांत भरलेले ‘नाइट क्रीम’. त्यावर घटक नाहीत, बॅच क्रमांक नाही, वापरण्याची अंतिम तारीख नाही. जी बाई पोरीच्या पर्समधली ट्यूब चष्मा लावून वाचते, तिच्याच कपाटात वाचण्याजोगे काही नसलेल्या डब्या असाव्यात, हे मला खटकले आणि मी तसे तोंडावर सांगितले. ‘ते एका ओळखीच्या डिस्ट्रिब्युटरचं आहे, चांगलं आहे,’ असे त्या म्हणाल्या. चांगले असेलही, मी ते घेतले नाही आणि कोणी घ्यावे असे सुचवणार नाही. पुढच्या खेपेला तपकिरी बाटल्या दिसल्या नाहीत, पण डब्या तशाच होत्या.

स्वच्छतेला पूर्ण गुण. थ्रेडिंगचा दोरा दातांत न धरता गळ्यात अडकवतात, प्रत्येकीला नवा घेतात. क्रीम डबीतून लाकडी चमच्याने काढतात, बोट घालत नाहीत. टोचण्या-पिळण्याचे उपकरण आधी धुऊन मग निर्जंतुक करतात. टॉवेल धुतलेला मिळतो, जरी तो थोडा खरखरीत असला तरी. जागा मात्र फारच अपुरी आहे. थांबायला बाहेर एकच स्टूल, पंख्याचा आवाज मोठा, आणि पडद्याआड झोपलेल्या बाईची सगळी कहाणी खुर्चीतल्या बाईला ऐकू जाते. ज्यांना शांत संगीत, सुगंधी मेणबत्त्या आणि पांढरे गाऊन यांची सवय आहे, त्यांचा येथे हिरमोड होईल. वेळही जास्त लागतो, कारण ताई बोलतात फार, आणि घाईत असलेल्या बाईला ते जाचक वाटू शकते.

कोणी जावे? भुवया, व्हॅक्सिंग, साधी सफाई यांसाठी नियमित जाणाऱ्यांनी जरूर जावे. घरातल्या अर्धवट वापरलेल्या ट्यूबांचे काय करायचे या संभ्रमात असलेल्यांनीही जावे. वांग, न हटणारी मुरुमे, अचानक आलेले पुरळ, बदलत जाणारा तीळ किंवा स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा असेल तर येथे वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. ताईही तेच सांगतील, फक्त गल्लीत येण्याची तुमची पायपीट वाचेल. कुठलेही नवे उत्पादन घेतले तर ते आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून पाहावे आणि मुरुमांच्या औषधाचा गुण जोखायचा तर निदान आठ ते बारा आठवडे थांबावे, या दोन गोष्टी त्या दरपत्रकाच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहून देतात. तो कागद मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला टाचून ठेवला आहे.

पार्लर सोमवारी बंद असते. गणपतीच्या आधीचा पंधरवडा आणि लग्नाचे मुहूर्त असलेले दिवस सोडल्यास दुपारी दोन ते चारच्या दरम्यान गर्दी नसते. पैसे रोख किंवा फोनवरून देता येतात. वेळ ठरवून जावे, केसांना तेल लावून जाऊ नये, आणि चेहऱ्याला जे जे लावता त्याच्या ट्यूबा, निदान त्यांचे फोनवर काढलेले फोटो, सोबत न्यावेत, नाहीतर ताई खुर्चीतून उठवून घरी पाठवतात.